शांत पाण्याची बाजू

“हा निळा नको,” सून म्हणाली.

“का? निळाच आहे की.”

“आई, हा युनिफॉर्मचा निळा आहे. समुद्र काय शाळेत जातो?”

चादरबाईंना हसू आलं, पण ते त्यांनी ओठांतच ठेवलं आणि तुकडा बाजूच्या ढिगात टाकला. स्वयंपाकघरातलं टेबल आणि शेजाऱ्यांकडून आणलेलं एक टेबल जोडून दोघींनी त्यावर जाड कापड पसरलं होतं. त्यावर मधोमध नाव होती, जुन्या तपकिरी पँटांच्या कापडाची. डाव्या अंगाला वादळ उठलं होतं. जांभळा, काळपट हिरवा, मध्येच एखादी लाल चीर. उजवं अंग अजून कोरं होतं. तिथं पाणी शांत व्हायचं होतं.

चादरबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. इस्पितळात कपड्यांच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली. फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले, हे सगळं त्यांच्या मशीनखालून जायचं. गावात जन्मलेलं प्रत्येक पोर पहिल्यांदा आपण लावलेल्या ठिगळावर झोपलं, असं त्या गमतीनं म्हणत, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. टाका त्यांचा असा की कापड विरेल पण शिवण उसवणार नाही. रंगाचं मात्र त्यांना काही कळत नसे. त्यांचा जन्म पांढऱ्यात आणि हिरव्यात गेला होता.

रंगाचं सुनेला कळे. ती रंगाच्या दुकानात कामाला होती. लोक भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणत आणि “असाच द्या” म्हणत. ती पोपडा उजेडात धरी, डोळे बारीक करी आणि डब्यात थेंब थेंब रंग मिसळून तंतोतंत तोच रंग हातात ठेवी. त्यामुळे गोधडीचं काम दोघींचं झालं. सून सांगणार कुठे काय, सासू शिवणार.

गोधडी चर्चसाठी होती. वेदीमागच्या भिंतीला ओल धरायची. किती वेळा खरवडली, किती वेळा रंगवली, पण वर्ष उलटायच्या आत पुन्हा डाग उमटायचे. शेवटी फादर म्हणाले, झाकूनच टाकू या, एखादी मोठी रंगीत गोधडी करून. सभेत कुणीतरी विचारलं, “देवाला गोधडी? थंडी वाजते की काय त्याला?” सगळे हसले. पण ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी कल्पना उचलून धरली. “झगझगीत पाहिजे हं,” त्या म्हणाल्या, “शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्यांनासुद्धा जाग आली पाहिजे.” मग लोकांनी कपडे आणून दिले. नाचाचे झगे, पडदे, मोडक्या छत्रीचं कापड, कुणाच्या तरी वारलेल्या नवऱ्याचे टाय. चित्रकलेच्या मास्तरांनी मोठ्या कागदावर चित्र काढलं: वादळात सापडलेली नाव, आणि निवत जाणारा समुद्र.

चित्र ठरल्यावर फादर स्वतः चादरबाईंच्या घरी आले होते. खुर्चीच्या कडेवर टेकले आणि टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले.

“चित्र बदलता येईल,” ते म्हणाले. “मास्तरांना कल्पना नव्हती. मेंढरं काढतील. नाहीतर द्राक्षांचा वेल.”

“कशाला?” चादरबाई म्हणाल्या. “त्यात नाव बुडत नाही ना?”

“नाही.”

“मग?”

फादर टोपी डोक्यावर घालून उठले. सून दारात उभी होती, ती आत निघून गेली.

चादरबाईंचा एकुलता एक मुलगा मालवाहू बोटीवर इंजिनच्या खोलीत कामाला होता. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तो शेवटच्या फेरीला गेला. बंदरातून फोन केला होता. “आई, इथे एवढं गरम आहे की तुझ्या इस्त्रीसमोर बसल्यासारखं वाटतं,” म्हणाला, आणि बायकोशी बोलायचं म्हणून फोन तिच्याकडे द्यायला सांगितलं. त्यानंतर वादळ. बोट गेली. काही जण सापडले, काहींची प्रेतं सापडली, काहींचं काहीच सापडलं नाही. कंपनीचा माणूस येऊन ‘बेपत्ता’ असं म्हणून गेला. तो शब्द चादरबाईंनी घट्ट धरून ठेवला. बेपत्ता म्हणजे पत्ता नाही. पत्ता नाही म्हणजे माणूस नाही असं थोडंच. त्याच्या नावाची मृतांसाठीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, त्यांनी होऊ दिली नाही. त्याचे कपडे ट्रंकेत होते. दर उन्हाळ्यात त्या ते बाहेर काढत, वारा देत आणि पुन्हा घडी घालून ठेवत.

सून राहिली. माहेरी जा असं तिला कुणी म्हटलं नाही, आणि तीही गेली नाही. आठ वर्षं दोघी एका घरात राहिल्या. सकाळी एकमेकींना चहा करून देत, संध्याकाळी रेडिओ ऐकत आणि रविवारी चर्चला जात. त्याच्याविषयी बोलत नसत. बोलायला लागलं की काळ कुठला वापरायचा, हा प्रश्न येई. चादरबाई ‘त्याला कांदा आवडत नाही’ म्हणत, सून ‘आवडायचा नाही’ म्हणे, आणि मग कुणीतरी उठून रेडिओ लावी.

गोधडी सुरू झाल्यापासून घराला जरा आवाज आला होता. वादळाची बाजू करताना तर धमालच झाली. ऑर्गनवाल्या बाईंचा सोनेरी चकमकीचा झगा सुनेनं बरोबर विजेसाठी कापला. “बाईंना सांगायचं नाही,” ती म्हणाली, “त्यांना वाटेल आपण देवदूताच्या पंखांना लावलाय.” चादरबाई इतक्या हसल्या की सुई बोटात गेली.

उजव्या अंगाशी आल्यावर मात्र काम अडलं. सून निळे तुकडे पसरायची, उचलायची, पुन्हा पसरायची. हा फार थंड, हा फार गोड, हा औषधाच्या बाटलीसारखा. चादरबाई सुईत दोरा ओवून बसून राहायच्या. एका दुपारी, अशीच पसरापसर चाललेली असताना, सुनेनं हातातला तुकडा खाली ठेवला.

“आई, मला एक बोलायचंय.”

“बोल की.”

“लिफ्टवाल्यांनी मला विचारलंय.”

लिफ्टवाला चादरबाईंना माहीत होता. लिफ्ट दुरुस्त करत गावोगाव फिरायचा. बायको वारलेली, घरी लहान मुलगी. दुकानात रंग घ्यायला आला आणि मग येतच राहिला. एकदा घरीही आला होता, मागच्या दाराची कडी बसवून दिली, आणि चहाही अर्धाच पिऊन लाजत निघून गेला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं.

“काय विचारलंय?” चादरबाई म्हणाल्या, जणू काही त्यांना कळलंच नव्हतं.

“लग्नाचं.”

“तुझं लग्न झालेलं आहे.”

“आई.”

“झालेलं आहे ना? मी होते तिथे. पहिल्या बाकावर.”

सून टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “तो गेल्याचा सरकारी कागद मागच्याच वर्षी झालाय. तुम्हाला दाखवला नाही. पण कागदानं माझं होत नाहीये. चर्चमध्ये, मृतांच्या मिस्सेत, त्याचं नाव वाचलं गेलं पाहिजे, आणि आपण उठून उभं राहिलं पाहिजे. एकदा सगळ्यांसमोर. त्याशिवाय दुसऱ्याच्या घरात मला उभं राहता येणार नाही. तुम्ही फादरना हो म्हणा. एवढंच मागतेय.”

“तो आला तर?”

“नाही येणार.”

“आला तर त्याला काय सांगू? तुझं नाव वाचून टाकलं म्हणून?”

“आई, तो आला तर मी त्याच्या पाया पडेन, तुमच्या पाया पडेन, काय वाटेल ते करेन. पण तो येणार नाही. तुम्हालाही माहीत आहे.”

“मला काही माहीत नाही,” चादरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका चढला की त्यांनाच दचकायला झालं. “तुझं वय आहे, तू जा. तुला कुणी धरलंय? पण त्याला मारून जाऊ नकोस.”

सुनेच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिचा आवाज हलला नाही. म्हणाली, “तुम्ही नाही म्हणालात तरी मी जाणार आहे. पण तुम्ही हो म्हणालात, तर दर रविवारी येईन. तुम्हाला घेऊनही जाईन. त्यांनी एक खोली काढून ठेवलीय, तुमच्यासाठी. मी तुमचीच राहीन.”

चादरबाईंनी सुईतला दोरा ओढून काढला आणि रिळाला गुंडाळला.

“मी त्याचा एक शर्ट नेऊ?” सुनेनं विचारलं.

“एकसुद्धा नाही.”

त्यानंतर दोघी चार दिवस एकमेकींशी कामापुरतं बोलल्या. सून दुकानातून आली की टेबलापाशी जाई आणि चादरबाई तिच्याकडे पाठ करून भाजी चिरत बसत. शनिवारी त्या बाजारातून परत आल्या तेव्हा घर झाडलेलं होतं, भांडी पालथी घातलेली होती आणि सुनेच्या खुंटीवर काही नव्हतं. टेबलावर उजव्या अंगाचं पाणी पूर्ण मांडून, टाचण्यांनी पक्कं करून ठेवलेलं होतं.

आठवडाभर त्या टेबलाकडे गेल्या नाहीत. स्वयंपाक ओट्यावर करत, जेवत उभ्यानंच. ऑर्गनवाल्या बाई विचारायला आल्या. चर्चच्या वर्धापनदिनाला पंधरा दिवस उरले होते.

“सूनबाई लिफ्टवाल्याकडे गेली म्हणे?” खुर्चीत बसता बसता त्या म्हणाल्या. “काही का असेना, वर नेणारा माणूस आहे.” मग चादरबाईंचा चेहरा बघून गडबडल्या. “मी आपली उगाच… गोधडी होईल ना हो? नाहीतर मी चार बायका पाठवते.”

“होईल,” चादरबाई म्हणाल्या. “बायका नकोत.”

दुसऱ्या दिवशी त्या शिवायला बसल्या. सुनेनं मांडलेलं पाणी त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. नावेच्या अंगाला करडा होता, त्यातून हळूहळू फिका हिरवा, मग कुठून कुठे गेला कळू नये असा निळा. रंगातलं कळत नसलेल्या त्या बाईलाही हे कळलं की आता वारा पडला आहे. त्यांनी नावेपासून सुरुवात केली. धावदोरा घालत, एकेक टाचणी काढून वाटीत टाकत त्या उजवीकडे सरकत गेल्या. कोपऱ्याच्या अलीकडे एक मोठा सलग तुकडा होता. धुऊन धुऊन फिकट झालेला आकाशी, बारीक पांढऱ्या रेघांचा. त्यावर हात गेला आणि तिथंच राहिला.

त्या उठल्या आणि ट्रंक उघडली. शर्ट जागेवर होता. कॉलर वर, बटणं लावलेली, नीट घडी घातलेला. उचलला तर हातात हलका लागला. शर्टाची पाठ नव्हती. सुनेनं ती शिवणीलगत, एक धागाही न ओढता, सांभाळून कापून घेतली होती आणि उरलेला शर्ट जसाच्या तसा परत ठेवला होता.

चादरबाई ट्रंकेशेजारी जमिनीवर बसल्या. आधी संताप आला. एवढा की त्यांनी उठून तुकड्याच्या सगळ्या टाचण्या उपसल्या आणि तो छातीशी धरून घरभर फिरल्या. पाठ परत लावता येईल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांच्याइतकं चांगलं ते कुणाला येणार? त्यांनी शर्ट टेबलावर पालथा पसरला, तुकडा त्यावर ठेवला, कडा जुळवल्या. जुळल्या अगदी बरोबर. सुईत दोरा ओवला. पहिला टाका घालायचा म्हणून खांद्याची शिवण हातात धरली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा शर्ट आपण कुणाला घालायला देणार आहोत, याचा चेहराच समोर येत नाहीये. बंदरातला फोनवरचा आवाज येत होता. चालणं आठवत होतं. शर्ट घालून, बटणं लावत, आरशासमोर उभा राहणारा मुलगा मात्र काही केल्या दिसेना. त्यांनी डोळे मिटून पाहिलं, उघडून पाहिलं.

तोवर दुपार कलली होती. चादरबाईंनी तुकडा उचलला, गोधडीवर जिथं होता तिथं ठेवला, तळहातानं सारखा केला आणि कडेनं शिवायला घेतला. बारीक टाके घातले, इस्पितळातल्या चादरींना कधी घातले नव्हते इतके बारीक. शिवताना त्या मोठ्यानं रडल्या नाहीत. नाक सारखं गळत होतं आणि ते पदरानं पुसायला हात मोकळा नव्हता, एवढंच.

शिवून झाल्यावर त्यांना वाटलं, हे तिला सांगायला हवं. हो म्हणते असं सांगायला हवं. चप्पल अडकवून त्या तशाच रंगाच्या दुकानात गेल्या. मालक डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता.

“सूनबाई?” तो म्हणाला. “अहो, त्यांनी काम सोडलं ना. लिफ्टवाल्यांकडे गेल्या, तिकडे, त्यांच्या गावी. तुम्हाला सांगितलं नाही?”

“लग्न कधी आहे?”

मालकानं हातातली चिठ्ठी बोटाला चिकटू दिली. “झालं ना. परवा. आमच्या घरचे गेले होते. साधंच होतं.”

चादरबाई मान हलवत राहिल्या. “आणि… त्याचं नाव?”

“वाचलं म्हणे. आदल्या रविवारी. तिकडच्या चर्चमध्ये.”

“बरोबर वाचलं? पूर्ण नाव?”

“आता ते मला… वाचलं असेल की बरोबर.”

“त्याच्याकडून कोण उभं होतं?”

“सूनबाई होत्या.”

“बाकी कोणी?”

मालकानं स्टूल पुढे केलं आणि पाणी आणायला आत गेला. तो पेला घेऊन बाहेर आला तेव्हा चादरबाई निघून गेल्या होत्या.

तशाच त्या चर्चमध्ये गेल्या. फादर बागेतल्या नळाशी हात धूत होते. त्यांना सगळं आधीच कळलेलं दिसत होतं, कारण त्यांनी काही विचारलं नाही.

“आपल्याकडेही वाचू या,” ते म्हणाले. “तुम्ही म्हणाल त्या दिवशी. सगळे येतील.”

“अनोळखी लोकांत वाचलं,” चादरबाई म्हणाल्या. “त्याला तिथं कोण ओळखत होतं? कुणी विचारलं असेल, कोण हा? काय सांगितलं असेल?”

“म्हणूनच म्हणतो, इथं वाचू.”

“नको. एकदा झालं ना. माणूस दोनदा नाही मरत.”

“मग तुमच्यासाठी म्हणून—”

“मी नाही म्हणाले होते, फादर. पोरीनं माझ्यापाशी बसून मागितलं होतं. मला एवढंच करायचं होतं, बाकावरून उठून उभं राहायचं होतं. तेही मी केलं नाही.” फादरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात ओला होता. चादरबाई तो हात निघेपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग घरी गेल्या.

सुनेला पत्र टाकावं असं पुढच्या दिवसांत कैकदा वाटलं. पत्ता मिळाला असता. पण लिहायचं काय? नव्या घरात, नव्या माणसाच्या हातात पडेल, त्याच्या मुलीच्या हातात पडेल. शिवाय ती स्वतःहून येईल, असं एक मन म्हणत होतं. त्या मनावर मात्र त्यांचा आता विश्वास राहिला नव्हता. इतकी वर्षं तेच बोलत आलं होतं. त्यांनी अस्तर लावलं, वरच्या कडेला दांडा जाईल एवढा नेफा शिवला, आणि गोधडी गुंडाळून ठेवली.

वर्धापनदिनाच्या सकाळी मास्तर आणि आणखी दोघांनी शिडी लावून गोधडी टांगली. उलगडत ती खाली आली तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘अगं बाई’ निघालं, पुरुषांच्यासुद्धा. ओलीची भिंत नाहीशी झाली होती. वीज लखलखत होती, नाव कलली होती, आणि उजवीकडे पाणी इतकं स्वस्थ पसरलं होतं की मास्तर शिडीवरच थबकले. “हे माझ्या चित्रात नव्हतं,” ते हळूच म्हणाले. ऑर्गनवाल्या बाईंनी आपला झगा ओळखला आणि त्यांना राग यावा की अभिमान वाटावा हे कळेना. कुणीतरी म्हणालं, सूनबाईंनी बघायला हवं होतं हो. म्हणणाऱ्याला कोपरखळी बसली.

तेवढ्यात लक्षात आलं की गोधडी खाली लांब होतेय. कडेच्या छोट्या दारातून फादर वेदीवर येत, त्या दारात तिची खालची कड अडकत होती. घंटा व्हायला वेळ थोडा होता. “राहू दे,” मास्तर म्हणाले, “मी पिन लावतो.”

“पिन निघेल,” चादरबाई म्हणाल्या. पर्समधून त्यांनी सुईदोरा काढला, वेदीच्या पायरीवर गुडघे टेकले, भिंतीकडे तोंड केलं आणि खालची कड दुमडून शिवायला लागल्या.

लोक येऊ लागले होते. दारातून आत आलेला माणूस आधी त्या रंगांकडे बघून थांबे आणि मग खाली गुडघ्यांवर बसलेल्या बाईकडे त्याचं लक्ष जाई. बोलणं हळू होई. पोरांना गप्प करत आया बाकांवर सरकत होत्या. ऑर्गनवाल्या बाईंनी वही उघडली, बोटं पट्ट्यांवर ठेवली, पण सूर धरला नाही. चादरबाईंना यातलं काही दिसत नव्हतं. दुमड सरळ जातेय की नाही, एवढंच त्या बघत होत्या. शेवटचा टाका पक्का करून त्यांनी दोरा दातांनी तोडला, पायरीला हात टेकून उठल्या, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि मधल्या वाटेनं आपल्या बाकाकडे गेल्या.

बाकावर बसलेल्या शेजारीण बाई त्यांना पाहून लगेच सरकल्या. सवयीनं दोघींपुरत्या सरकल्या. चादरबाई कडेला टेकल्या आणि मधल्या मोकळ्या जागेवर त्यांनी आपली पर्स ठेवली.